ताकद बाटलीत नसते, ताटात असते



गेल्या वर्षावासातली गोष्ट. भाताच्या आवणीचे दिवस होते. कासार आंबोलीच्या वस्तीत रविवारची वंदना आटोपली आणि चपला घालता घालता एका मावशींनी मला बाजूला घेतले. वय पन्नाशीच्या आतले, पण दिसायला साठीच्या. दिवसभर पिरंगुटच्या एका कंपनीत झाडलोट, आवणीला लोकांच्या खाचरात आणि संध्याकाळी घरचा चुलीचा धंदा. म्हणाल्या, "सिस्टर, लई गळाल्यावाणी होतंय. चढ चढताना धाप लागती. एक ताकदीची बाटली लावून दे की. पैसं हायेत माझ्याकडं." आणि पदराची गाठ सोडून पाचशेची नोट दाखवली.

मी त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतली बाजू पांढरीफट. विचारले तेव्हा कळले की महिन्याभरात दोन बाटल्या आधीच लावून झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पौडला ग्रामीण रुग्णालयात नेऊन रक्त तपासले. हिमोग्लोबिन 6.5. बाईचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेले की रक्तक्षय म्हणतात. गरोदर बाईसाठी ही रेघ 11 ची आहे. गरोदर नसलेल्या बाईचे 8 च्या खाली आणि गरोदर बाईचे 7 च्या खाली गेले की तो तीव्र रक्तक्षय. एवढे कमी रक्त असताना भराभर सलाईन चढवले तर हृदयावर ताण येऊन जीवावर बेतू शकते. मावशींना दीड वर्षापासून पाळीत खूप जास्त अंगावरून जात होते. "पाळी जायच्या वख्ताला असंच असतं" असे शेजारणींनी सांगितले होते, म्हणून त्यांनी कोणाला दाखवले नव्हते. रक्त गळत होते खालून आणि आपण बाटली लावत होतो वरून!

या मावशी अडाणी नाहीत. कंपनीतल्या पगाराचा हिशेब त्या मुकादमाला चुकू देत नाहीत. मग आरोग्याच्या बाबतीत आपण सगळे इतके सहज का फसतो, याचा विचार या लेखात करायचा आहे.

बाटलीत काय असते?

मी नर्सिंगचा डिप्लोमा केला आणि बरीच वर्षे खासगी दवाखान्यांत नोकरी केली. त्यातल्या एका दवाखान्यात संध्याकाळी "ताकदीच्या बाटलीसाठी" रांग लागायची. डॉक्टर सांगायचे आणि मी सुई टोचायची. बाटलीत काय आहे हे मला ठाऊक होते, तरी मी बोलले नाही. नोकरीची गरज होती. ती चूक माझीही आहे, म्हणून आज ती बाटली तुमच्यासमोर उघडून दाखवते.

नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी असते आणि साडेचार ग्रॅम मीठ असते. साधारण चहाचा एक चमचा मीठ. बाकी काही नाही. ताकदीच्या नावाने शून्य. दुसरी बाटली ग्लुकोजची, पाच टक्क्यांची. तिच्या अर्ध्या लिटरमध्ये 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे 100 कॅलरीच्या आत. बाजरीच्या एका भाकरीतून याहून जास्त शक्ती मिळते आणि वर प्रथिने, लोह, चोथा मिळतो तो वेगळाच. कधी कधी बाटलीत जीवनसत्त्वाचे इंजेक्शन सोडतात, पाणी पिवळे होते आणि रोग्याला वाटते आता खरे औषध चालले. जादा झालेली ती जीवनसत्त्वे बरीचशी लघवीवाटे निघून जातात.

सलाईन वाईट नाही. जुलाब-उलट्यांनी माणूस सुकून गेला आहे आणि तोंडाने काही ठरत नाही, शस्त्रक्रिया आहे, अपघातात रक्त गेले आहे, डेंग्यूत डॉक्टरांनी भरती केले आहे, अशा वेळी सलाईन जीव वाचवते. पण जो माणूस चालत दवाखान्यात येतो, बोलतो, चहा पितो, त्याला अशक्तपणासाठी सलाईनची गरज नसते. हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रोग्याला तर ते अपायकारक ठरू शकते.

बाया मला म्हणतात, "पण बाटली लावली की बरं वाटतं." खरे आहे, वाटते. मी त्यावर खूप विचार केला. बाटली लागते तेव्हा ती बाई दोन तास पाठ टेकून पडते. त्या दोन तासांत तिला कोणी पाणी भर म्हणत नाही, भाकरी टाक म्हणत नाही. नवरा किंवा सासू शेजारी बसलेली असते. माझे मत असे, की ती पाचशे रुपये देऊन दोन तासांची विश्रांती विकत घेत असते. घरात ती फुकट मिळाली असती तर?

आणि त्या पाचशे रुपयांत साठ-सत्तर अंडी येतात. रोज एक धरले तर दोन महिने पुरतील.

लाल रंगाचा मोह

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हा आकडा 48 होता. पाच वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये तर 68.9 टक्के. म्हणजे विहारात दहा बाया बसल्या असतील तर त्यातल्या पाचांचे रक्त कमी आहे, असे धरून चाला.

यावर वस्तीत ठरलेला उपाय म्हणजे बीट आणि डाळिंब. रंग लाल, म्हणून रक्त वाढते अशी समजूत. 100 ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसते. आपल्या देशाच्या आहारतज्ज्ञांनी बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागते असे ठरवून दिले आहे. मग किती बीट खाणार? बीट खाऊ नका असे नाही, भाजी म्हणून जरूर खा. पण बिटावर भरवसा ठेवून लोहाच्या गोळ्या कोनाड्यात पडू देऊ नका.

लोह शरीराला सगळ्यात सहज मिळते ते मटण, कलेजी, मासे यांतून. त्याखालोखाल बाजरी, नाचणी, हरभरा, मटकी, अळीव, तीळ आणि पालेभाज्या. पालेभाजीतले लोह अंगी लागायला जोडीला आंबट हवे: लिंबू, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो. आणि चहा त्याचा शत्रू. जेवण झाले की लगेच कपभर चहा, ही आपली सवय लोहाला आतड्यातच अडवून धरते. चहा सोडा असे मी म्हणणार नाही, मी स्वतः सोडू शकत नाही. जेवण आणि चहा यांत तास-दीड तासाचे अंतर ठेवा, एवढेच.

गरोदर बाईला सरकारी केंद्रातून लोहाच्या लाल गोळ्या फुकट मिळतात, रोज एक, किमान 180 दिवस. बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. शाळेतल्या मोठ्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी असते. या गोळ्या कितीजणी खातात? मी घरोघर फिरते तेव्हा पत्र्याच्या डब्यात, फोटोच्या मागे, उशाखाली पाकिटेच्या पाकिटे सापडतात. कारणे ठरलेली. "शी काळी होते." होतेच, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. "मळमळतं." मग रात्री जेवून झोपताना घ्या. कॅल्शियमच्या गोळीबरोबर मात्र घेऊ नका, दोन तासांचे अंतर ठेवा. दूध-चहाबरोबरही नको. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम.

आणि तिसरे कारण, जे बाया हळू आवाजात सांगतात: "बाळ काळं होतं." बायांनो, बाळाचा रंग आईबापाकडून येतो, गोळीतून नाही. आणि काळे झाले तर काय बिघडले? काळे म्हणजे कमी हे आपल्याला कोणी शिकवले? ज्यांनी आपल्या बापजाद्यांना सावली पडू नये म्हणून दूर उभे केले, त्यांचीच ही शिकवण आहे. ती आपण आपल्या पोटातल्या बाळाला का लावायची?

आणखी एक. दोन-तीन महिने नीट गोळ्या खाऊनही रक्त वाढत नसेल तर जंत, पाळीतला जास्त रक्तस्राव, मूळव्याध यांचा शोध घ्या. 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या सुमारास शाळा-अंगणवाडीत जंताची गोळी देतात, ती मुलांना चुकवू नका. ज्यांचे मूळ गाव विदर्भाकडे आहे अशा घरांनी सिकलसेलची तपासणी जरूर करून घ्यावी. विदर्भात आदिवासी आणि आपल्या बौद्ध समाजात हा आजार बराच आढळतो. तो आईबापाकडून येणारा रक्तातला दोष आहे, त्यात कोणाचे पाप नाही आणि लपवण्यासारखे काही नाही. लग्न ठरवताना पत्रिका तर आपण बघत नाही, त्या जागी ही एक तपासणी बघितली तर पुढच्या पिढीचे हाल वाचतील.

आपल्याच अन्नाची लाज

आता जे सांगणार आहे ते काहींना लागेल.

मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा असे बजावले. लोकांनी ते मानले. त्या निर्णयात स्वाभिमान होता आणि आरोग्यही होते. पण त्याचा अर्थ हळूहळू कुठल्या कुठे गेला! आता फ्लॅटमध्ये राहायला गेलेले आपलेच लोक बोंबील भाजताना खिडक्या लावून घेतात. मुलीच्या डब्यात अंडे द्यायला आई घाबरते, वर्गातल्या मुली नाक धरतात म्हणून. कलेजी, वजडी, सुकट, खेकडे, अंबाडी, तांदुळजा, घोळ हे सगळे "गरिबाचे खाणे" झाले आणि बिस्किटाचा पुडा, नूडल्स, कुरकुरीत पाकिटे हे "चांगल्या घरचे खाणे".

बाबासाहेबांनी मृत मांस सोडायला सांगितले, मांस सोडायला सांगितले नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी अहिंसेची चर्चा करताना गरज म्हणून मारणे आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. ज्याला शाकाहारी राहायचे आहे त्याने आनंदाने राहावे. डाळ, उसळ, दूध, शेंगदाणे नीट खाल्ले तर तोही निरोगी राहतो. पण जो मांस-अंडे खातो तो कमी प्रतीचा उपासक, असे विहारात बोलले जाते तेव्हा मला ते धम्माचे बोलणे वाटत नाही. ते जुन्या शिवाशिवीचे बोलणे आहे, फक्त आता आपल्याच तोंडून येते.

ही लाज घरापुरती राहत नाही, ती धोरणात उतरते. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले, न खाणाऱ्या मुलांना केळे. विरोध झाला. जानेवारी 2025 मध्ये सरकारने अंड्यासाठीचा निधी थांबवला आणि शाळांनी हवे तर लोकवर्गणीतून पैसे उभे करावेत असे सांगितले. एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात. ज्या घरात मटण महिन्यातून एकदा येते, त्या घरातल्या मुलासाठी ते अंडे मोठी गोष्ट होती. आपण त्यावर किती बोललो? जयंतीच्या मिरवणुकीला जितकी वर्गणी जमते, तिच्यातला थोडा भाग गावच्या शाळेतल्या अंड्यांसाठी का निघू नये? आणि निधी परत सुरू करा म्हणून ग्रामसभेत ठराव का मांडू नये?

आमचा मुळशी तालुका पावसाचा. आषाढ-श्रावणात बांधाबांधावर टाकळा, कुर्डू, भारंगी उगवते. ओढ्याला चढणीचे मासे लागतात. म्हाताऱ्या बायांना ही भाजी ओळखता येते, सुनांना येत नाही. नाचणीच्या 100 ग्रॅममध्ये 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते, दुधाच्या दुपटीहून अधिक. तरी नाचणीची भाकरी पाहुण्यापुढे ठेवायला आपण लाजतो. सुकट प्रथिनांनी भरलेली आहे. फक्त ज्याला ब्लडप्रेशर आहे त्याने खारवलेले मासे, पापड, लोणचे यांच्यातल्या मिठापासून सांभाळून राहावे. मोठ्या माणसाला दिवसाला चहाचा एक चमचा मीठ, म्हणजे पाच ग्रॅम, पुरे होते आणि त्यात भाजीतलेही धरायचे.

लहानग्यांच्या बाबतीत

बाळंतपणानंतर पहिला पिवळसर चीक "शिळा" म्हणून पिळून टाकणारी घरे अजून आहेत. तो चीक म्हणजे बाळाची पहिली लस. जन्मल्यावर तासाभरात बाळ छातीला लावा. सहा महिने फक्त आईचे दूध. मध नको, गुटी नको, पाणीसुद्धा नको.

जुलाब लागले की मुलाचे खाणे-पाणी बंद करणे ही तर जीवघेणी चूक. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली. सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारो जीव वाचवले. ते पाणी म्हणजेच आजचे ओआरएस. अंगणवाडीत फुकट मिळते. मोठे पाकीट एक लिटर पाण्यात एकदम सोडायचे. अर्धे पाकीट पेल्यात आणि अर्धे उद्या, असे करू नका, प्रमाण बिघडते. केलेले पाणी 24 तासांनी फेकून द्या. बरोबर झिंकची गोळी 14 दिवस, जुलाब थांबले तरी. दुकानात रंगीत गोड पेयांवर ओआरएस असे छापून विकत होते. 2025 च्या ऑक्टोबरात केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते नाव वापरायला मनाई केली. खरे ओआरएस घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते बघून घ्या. मूल सुस्त पडले, लघवी थांबली, डोळे खोल गेले किंवा शीत रक्त दिसले तर मात्र घरी थांबू नका.

आणि दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी! उंची वाढते, हुशारी वाढते म्हणून अर्धा पगार त्यात जातो. एप्रिल 2024 मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना असली पेये "हेल्थ ड्रिंक" या नावाखाली दाखवू नका असे कळवले. अशा बऱ्याच डब्यांत मोठा वाटा साखरेचा असतो. त्यापेक्षा शेंगदाणे-गुळाचा लाडू, भाजलेले फुटाणे, उकडलेले अंडे स्वस्त आणि सकस.

साखर, गोळी आणि अष्टशील

मधुमेहाबद्दल ऐकलेली वाक्ये अशी: "गूळ चालतो, साखर नको." "कारल्याचा रस घेते, म्हणून गोळी बंद केली." "गोळी एकदा लागली की सुटत नाही, म्हणून सुरूच केली नाही." गुळानेही रक्तातली साखर वाढते. कारले भाजी म्हणून चांगले, गोळीच्या जागी नाही. आणि गोळी सुटत नाही हे बहुतेकांच्या बाबतीत खरे, पण गोळी न घेतल्याने डोळे, मूत्रपिंड आणि पाय सुटतात त्याचे काय? ब्लडप्रेशरचेही तेच. "आज चक्कर नाही, मग गोळी कशाला?" ब्लडप्रेशर बहुधा काही न दुखता आतून काम करते. गोळी रोज घ्यायची असते.

आपल्या बाबासाहेबांना मधुमेह होता. 1948 मध्ये त्यांनी डॉ. शारदा कबीर म्हणजे माईसाहेबांशी लग्न केले, तेव्हा त्यांची प्रकृती खालावलेली होती. मधुमेहाने पायांच्या नसा दुखत असतानाही त्यांनी घटनेचे काम पुरे केले. हा माणूस आणखी वीस वर्षे मिळाला असता तर, असे आपण दर 6 डिसेंबरला म्हणतो. मग ज्या आजाराने त्यांना पोखरले तो आपल्या घरात दिसला, तर त्याला हसण्यावारी का नेतो? तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा साखर आणि ब्लडप्रेशर तपासावे. सरकारी केंद्रात ही तपासणी आणि गोळ्या दोन्ही फुकट आहेत.

आपल्याकडे पौर्णिमेला, विशेषतः वर्षावासात, बऱ्याच बहिणी अष्टशील पाळतात, दुपारनंतर जेवत नाहीत. श्रद्धा आहे, आदर आहे. पण जी बहीण मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेते, तिने औषध घेऊन जेवण टाळले तर साखर एकदम खाली येऊन घाम सुटतो, थरथर होते, बेशुद्धी येऊ शकते. अशा बहिणीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपोसथ करू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने तर मुळीच नको. घाम-थरथर सुरू झाली तर त्या वेळी साखरपाणी किंवा गोळ्या-बिस्किटे लगेच द्यावीत, तिथे शील आडवे येत नाही. आजारी भिक्खूंना भगवंतांनी औषध म्हणून तूप, लोणी, तेल, मध, काकवी यांची मोकळीक दिली होती. ज्या सिद्धार्थाने उपासमारीने हाडे वर काढली आणि शेवटी सुजाताची खीर घेऊन मध्यम मार्ग पत्करला, त्याच्या नावाने देह झिजवायचा नसतो.

मिसरी

हा विषय काढला की विहारातल्या अर्ध्या बाया खाली बघतात. माझी आई मिसरी लावायची. सकाळी उठून तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो वास माझ्या बालपणाचा वास आहे. "मिसरी लावल्याबिगर पोट साफ होत नाही, दातं दुखत्यात," हे तिचे म्हणणे. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू, दुसरे काही नाही. त्यातले निकोटिन आतड्याला चाळवते, म्हणून संडासला होते. हिरड्या बधिर होतात, म्हणून दातदुखी कळत नाही, पण कीड आत चालूच राहते. तोंडाचा कर्करोग होतो. गरोदरपणी लावली तर बाळ कमी वजनाचे जन्मते. आईचे दात पन्नाशीच्या आत गेले. मी नर्स असून तिची मिसरी सोडवू शकले नाही, ही बोच मला आहे.

पंचशीलातले पाचवे शील आपण पुरुषांच्या दारूवर बोट दाखवून म्हणतो. डोळे मिटून तेच शील म्हणणाऱ्या बाईच्या कमरेला मिसरीची डबी असते. दारूबंदीचा मोर्चा आपण काढला, आता ही डबीही बाहेर काढू. एकदम सुटत नसेल तर आधी दिवसातल्या वेळा कमी करा. सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि संडासची एक ठरलेली वेळ, यांनी पंधरा दिवसांत पोटाची सवय बदलते. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन क्रमांक आहे, 1800-11-2356, तो फुकट आहे. लहान मुलीच्या हातून मिसरी भाजून घेणे मात्र आजपासून बंद करा. ती सवय तिथूनच लागते.

मग करायचे काय?

केसपुत्तच्या कालाम लोकांना तथागतांनी सांगितले की परंपरेने आले म्हणून, मोठ्या माणसाने सांगितले म्हणून काही मानू नका, ते हिताचे आहे का हे स्वतः पडताळा. आरोग्याला याहून चांगला नियम मला दुसरा माहीत नाही. शेजारणीचे ऐकतानाही तो वापरा आणि पांढऱ्या कोटातला माणूस बाटली लावू या म्हणाला तरी वापरा. विचारा, "ही कशासाठी? तोंडाने घेण्याचे औषध नाही का? माझे रक्त तपासले का?" प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नाही. माझ्यासारखी नर्स समोर असेल तर तिलाही विचारा.

सावित्रीबाई 1897 मध्ये मुंढव्याच्या वस्तीतल्या प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि त्यातच त्यांचे प्राण गेले. आपल्याला एवढे करायचे नाही. आपल्या विहारापुरती तीन कामे करू या. पहिले, महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर आशाताईंना बोलावून सगळ्या बाया-मुलींचे रक्त आणि मोठ्यांचे ब्लडप्रेशर तपासून घ्यायचे, वहीत लिहून ठेवायचे आणि तीन महिन्यांनी परत बघायचे. दुसरे, लोहाच्या गोळ्यांची पाकिटे घरातून विहारात आणायची, किती उरल्या ते एकमेकींना दाखवायचे. लाज वाटेल, पण गोळ्या पोटात जातील. तिसरे, जयंती आणि पौर्णिमेच्या भोजनदानात बुंदीबरोबर उसळ, अंडी, नाचणी यायला हवी.

आणि चौथे काम घरातले. ते सगळ्यात अवघड. आपल्या घरात आधी पुरुष जेवतात, मग मुले आणि शेवटी बाई. तिच्या वाट्याला उरतो रस्सा. मटणाचे तुकडे संपलेले असतात, अंडे मुलाला दिलेले असते. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रीपद सोडले, त्यांच्या फोटोखाली बसून आपण बाईला शेवटी जेवायला लावतो. सगळ्यांनी एकत्र बसावे, कालवण आधी सारखे वाढून घ्यावे, मग जेवायला सुरुवात करावी. याला एक पैसा लागत नाही.

त्या मावशींना पुढे पुण्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात रक्त चढवले, गर्भाशयातल्या गाठीवर उपचार झाले. आता हिमोग्लोबिन 11 च्या वर आहे. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "सिस्टर, आता मी बी त्यांच्या संगंच बसती जेवायला. पयल्यांदा सासूनं डोळं वटारलं. आता तीच माझ्या ताटात वाढती."

पाचशेची ती नोट त्यांनी मोडली. कोंबड्या घेतल्या आहेत.

नमो बुद्धाय.